हळदीच्या लेखाशेजारची जाहिरात

हिंगोली जिल्ह्यातील कुरुंद्यातल्या हळद उत्पादकाने मोबाइलवर कंदकुजीविषयीचा लेख उघडला, की लेखाच्या दोन परिच्छेदांमध्ये एक चौकोन रिकामा दिसतो. मजकूर नीट उमटेपर्यंत तो भरलेला असतो. कधी तिथे ट्रायकोडर्मा हे जैविक बुरशीनाशक येते, कधी ठिबक, कधी पुण्यातला दोन खोल्यांचा फ्लॅट, तर कधी पाच मिनिटांत कर्ज देणारे ॲप. त्या चौकोनात काय यावे हे लेख लिहिणाऱ्याने ठरवलेले नसते, संपादकानेही नाही, आणि वाचणाऱ्याला तर कोणी विचारलेलेच नसते. ते एका लिलावात ठरते. हा लिलाव सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास आटोपतो. मराठी वाचकाच्या दृष्टीने हा लिलाव सध्या चुकीच्या पायावर उभा आहे, आणि तो योग्य पायावर आणणे मराठी वृत्तपत्रांच्या व संकेतस्थळांच्या हातात आहे.

लिलावात बोली लावणारा जाहिरातदार मुख्यतः दोन गोष्टी पाहून पैसे लावतो. पानावर काय लिहिले आहे ही पहिली. पान वाचणारा कोण आहे, काल त्याने काय पाहिले, परवा काय शोधले ही दुसरी. पहिल्या प्रकाराला संदर्भाधारित जाहिरात म्हणतात आणि ती मराठी मुलखाला नवी नाही. आठवडी बाजारात कासरे, वेसणी आणि घुंगरमाळा विकणारा बैलबाजाराच्या कडेला बसतो. बैल घेणाऱ्याला कासरा लागणार एवढे त्याला ठाऊक असते. त्यासाठी तो कोणाच्या मागे घरापर्यंत जात नाही. दुसऱ्या प्रकारची जाहिरात मात्र घरापर्यंत जाते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात उभी राहते.

छापील मराठीत संदर्भाधारित जाहिरातीचे एक जुने आणि देखणे उदाहरण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला आणि १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक सुरू केले. नांगर घेणाऱ्या आणि घेऊ पाहणाऱ्या लोकांशी बोलायचे, तर मजकूर आणि माल एकाच पानावर आला पाहिजे ही दृष्टी त्यामागे होती. त्या कारखान्याच्या पत्रकातून पुढे महाराष्ट्रातले एक मोठे मासिक उभे राहिले. वाचकाची कुंडली जवळ नसतानाही जाहिरात चालते आणि मजकूरही वाढतो, याला शंभर वर्षांपूर्वीचा हा घरचा पुरावा आहे.

संकेतस्थळावर हेच काम यंत्र करते. प्रकाशक आपल्या पानात जाहिरात कंपनीच्या आज्ञावलीच्या काही ओळी बसवतो. कंपनीचा वाचक-प्रोग्राम ते पान वाचून जातो. तो शीर्षक पाहतो, उपशीर्षके पाहतो, कोणते शब्द वारंवार आले ते मोजतो. ‘आणि’, ‘आहे’, ‘मात्र’ हे शब्द सगळ्याच पानांवर असतात, म्हणून त्यांना वजन शून्य. ‘कंदकूज’ क्वचित येतो, म्हणून त्याला वजन भारी. अशा वजनांतून पानाचा विषय ठरतो आणि पान एखाद्या वर्गात टाकले जाते. अलीकडची यंत्रे एकेका शब्दापाशी थांबत नाहीत. पूर्ण वाक्याचा आशय अंकांच्या रूपात साठवतात आणि जाहिरातीच्या आशयाशी ताडून पाहतात. वाचकाने पान उघडले, की पानाचा पत्ता, त्याचा वर्ग आणि चौकोनाचा आकार लिलावात जातो. सर्वांत फायदेशीर बोलीची जाहिरात झळकते.

गूगलने एप्रिल २००३ मध्ये अप्लाइड सिमँटिक्स ही कंपनी सुमारे १० कोटी २० लाख डॉलरना घेतली. एकच शब्द वेगवेगळ्या ठिकाणी काय अर्थाने येतो हे ओळखणे ही त्या कंपनीची खासियत होती. त्याच वर्षी जूनमध्ये गूगलची ॲडसेन्स ही जाहिरात सेवा सर्वांसाठी खुली झाली आणि घरबसल्या संकेतस्थळ चालवणाऱ्या माणसालाही जाहिरातीचे उत्पन्न मिळू लागले. यंत्राच्या समजुतीला मर्यादा होत्या, त्या लगेच दिसल्याही. न्यू यॉर्क पोस्टच्या संकेतस्थळावर, तुकडे केलेला मृतदेह सुटकेसमध्ये भरल्याच्या बातमीशेजारी सुटकेसची जाहिरात झळकली होती. यंत्राने शब्द बरोबर ओळखला, बातमी मात्र त्याला कळली नाही.

मराठीची गाडी या स्थानकावर फार उशिरा पोचली. ॲडसेन्सने हिंदीला २०१४ च्या अखेरीस जागा दिली. मराठीला २०१८ उजाडले. त्याआधीची कित्येक वर्षे मराठीतला बराच मजकूर युनिकोडमध्ये नव्हताच. प्रत्येकाचा फाँट वेगळा, आणि तो फाँट नसला की अक्षरांच्या जागी रोमन चिन्हांचा चिवडा. यंत्र तोच चिवडा वाचणार. तालुक्याच्या बातम्या आजही कितीतरी ठिकाणी चित्र करून फिरवल्या जातात. त्यातला मजकूर जाहिरातीच्या यंत्रापर्यंत बहुधा पोचतच नाही, म्हणजे त्या मजकुराला मोलही मिळत नाही.

युनिकोड आले तरी मराठीचा स्वभाव उरतोच. हळद, हळदीला, हळदीचा, हळदीवरचा, हळदसुद्धा: माणसाला हा एकच शब्द आहे, कच्च्या यंत्राला पाच. प्रत्यय सोडवून मूळ शब्द गाठता आला नाही, तर पानाचे वजन पाच ठिकाणी विखुरते. आणि मूळ शब्द सापडला तरी प्रश्न संपत नाही. वसमतच्या बाजारात आलेली हळद वेगळी, लग्नाच्या आदल्या दिवशी लावायची वेगळी, चेहऱ्याच्या लेपातली वेगळी. भावाच्या बातमीशेजारी मंगल कार्यालयाची जाहिरात आली, तर जाहिरातदाराचे पैसे बुडाले आणि शेतकऱ्याचा वेळही गेला.

ही अडचण मराठी माणसांनी बऱ्याच अंशी सोडवली आहे, हे मुद्दाम सांगायला हवे. मुंबईच्या आयआयटीत मराठी शब्दजाल तयार झाले. त्यात शब्दांचे अर्थ आणि अर्थांची नाती मांडली आहेत. पुण्यातल्या एल-थ्री-क्यूब या गटाने मराठीचा मोठा मजकूरसंग्रह आणि त्यावर शिकवलेली प्रतिमाने २०२२ पासून खुली केली. मराठी बातम्यांचे बारा विषयांत वर्गीकरण केलेला संग्रहही त्यांनी दिला आहे. आपले पान यंत्राला समजावून देण्याची साधने मराठी प्रकाशकाला फुकट उपलब्ध आहेत. ती वापरणारे मात्र कमी दिसतात.

खरा तिढा वर्गांच्या यादीत आहे. जगभरचा जाहिरात व्यवसाय पानांचे विषय ठरवण्यासाठी इंटरॅक्टिव्ह ॲडव्हर्टायझिंग ब्यूरो या अमेरिकी संस्थेची यादी प्रमाण मानतो. तिच्या मूळ आवृत्तीत खेळांना चाळीसहून अधिक उपवर्ग आहेत. शेती मात्र व्यवसाय या सदराखाली एका ओळीत उरकली आहे. त्या एका ओळीत हळद, केळी, ऊस, सोयाबीन, पीककर्ज, शेततळे, बैल आणि ट्रॅक्टर सगळे कोंबायचे. वसमत तालुक्यातल्या माणसाला हे वाचून राग यायला हवा. याच वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, इथेच शासनाने बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभारायला घेतले, आणि हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात हळदीसाठी दूरदूरचे व्यापारी येतात. एवढ्या मोठ्या व्यवहाराला जागतिक यादीत स्वतःचे नाव नाही. यादीत नाव नसलेल्या गोष्टीवर बोली लावणारा येणार कुठून? मग चौकोन भरायला लिलाव दुसऱ्या वाटेने जातो आणि वाचणारा कोण आहे ते पाहू लागतो.

ती वाट कुकीची आहे. एका संकेतस्थळावर गेल्यावर तिथे जाहिरात दाखवणारी तिसरीच कंपनी ब्राउझरमध्ये एक खूण ठेवते, आणि तीच खूण पुढच्या संकेतस्थळावर पुन्हा वाचते. एकाच माणसाने सोमवारी कंदकुजीचा लेख, मंगळवारी पीककर्जाच्या थकबाकीची बातमी आणि बुधवारी मधुमेहाची लक्षणे वाचली, तर हे तिन्ही तुकडे जोडले जातात. सुटे तुकडे निरुपद्रवी आहेत. एकत्र केले की पैशाच्या आणि प्रकृतीच्या अडचणीत सापडलेल्या माणसाचे चित्र तयार होते, आणि ते विकत घ्यायला सर्वांत उत्सुक असतो तो अशा अडचणीवर जगणारा. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने १३८ सट्टेबाजीची आणि ९४ कर्ज देणारी ॲप एका फटक्यात बंद करण्याचे आदेश दिले. त्यामागे वसुलीच्या नावाखाली होणाऱ्या छळाच्या तक्रारी होत्या. मराठवाड्यात कर्जाचा विषय किती घरांच्या जिव्हारी लागलेला आहे, हे इथल्या कोणत्याही संपादकाला वेगळे सांगावे लागत नाही. आपल्या पानावरच्या चौकोनातून अशा सापळ्याकडे वाट जाते का, हे पाहणे त्याच्या कामाचाच भाग आहे.

ब्राउझर बनवणाऱ्यांनी या वाटेवर काटे टाकायला सुरुवात केली. फायरफॉक्सने २०१९ मध्ये माग काढणाऱ्या कुकी आपणहून अडवल्या. ॲपलच्या सफारीने मार्च २०२० पासून अशा सगळ्याच तिऱ्हाईत कुकी बंद केल्या. गूगलने जानेवारी २०२० मध्ये क्रोमबाबत तेच जाहीर केले, पुन्हा पुन्हा मुदत वाढवली आणि जुलै २०२४ मध्ये तो बेत सोडला. क्रोम हा त्या लिलावातून सर्वाधिक कमावणाऱ्या कंपनीचाच ब्राउझर आहे. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतल्या संघीय न्यायालयाने जाहिरात लिलावाच्या दोन बाजारांत गूगलने बेकायदा मक्तेदारी केल्याचा निर्णय दिला. भारतातही डिजिटल वृत्त प्रकाशकांच्या संघटनेच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलची चौकशी सुरू केली. त्यामुळे आपल्या वाचकाचे संरक्षण ब्राउझर करील या भरवशावर मराठी प्रकाशकाने बसू नये.

“पण माग काढला नाही तर उत्पन्न बुडेल,” हे उत्तर जाहिरात विभागाकडून येते. या उत्तराची तपासणी झालेली आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी २०१९ मध्ये एका मोठ्या अमेरिकी प्रकाशन कंपनीचे व्यवहार तपासले, तेव्हा कुकी असल्याने प्रकाशकाचे उत्पन्न साधारण चार टक्क्यांनीच वाढते असे दिसले. त्याच वर्षी गूगलने स्वतःचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात तिऱ्हाईत कुकी काढल्यावर मोठ्या ५०० प्रकाशकांचे उत्पन्न सरासरी ५२ टक्क्यांनी घटले. दोन आकड्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. गूगलच्या प्रयोगात बाकी सगळा बाजार कुकीवरच चालू होता. शेजारच्या पानावर वाचकाची कुंडली मिळत असताना ती नसलेल्या पानावर कोणी जास्त बोली लावणार नाही, हे उघड आहे. आख्खे प्रकाशनच एका दिशेने वळले तर काय होते, याची उदाहरणे युरोपात आहेत. न्यू यॉर्क टाइम्सने २०१८ मध्ये युरोपी वाचकांसाठी माग काढणाऱ्या जाहिरातींची खुल्या लिलावातली विक्री थांबवली. तिथले जाहिरात उत्पन्न कोसळले नाही, वाढत राहिले. नेदरलँड्सच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने २०२० मध्ये कुकी पूर्ण सोडून फक्त संदर्भावर जाहिराती विकल्या आणि तिचेही उत्पन्न वाढले.

ही दोन्ही मोठी नावे आहेत आणि त्यांच्याकडे स्वतःचे विक्रेते आहेत, हा आक्षेप रास्त आहे. पण त्यांना फायदा का झाला हे पाहिले पाहिजे. मधले दलाल गळाले. ब्रिटनमधल्या जाहिरातदारांच्या संघटनेने २०२० मध्ये जाहिरातीच्या पैशाचा प्रवास लेखापरीक्षकांकडून तपासून घेतला. जाहिरातदाराने दिलेल्या रकमेतला जेमतेम निम्मा हिस्सा प्रकाशकापर्यंत पोचला, आणि १५ टक्के रकमेचा तर पत्ताच लागला नाही. अशा साखळीतल्या एक-दोन कड्या तोडल्या तरी छोट्या संकेतस्थळाला मोठा दिलासा आहे.

संदर्भाधारित जाहिरात म्हणजे सगळे आलबेल, असे मात्र नाही. तिचा एक दुष्परिणाम गावाकडच्या पत्रकारितेला थेट भोवतो. जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टीने कुरुंद्यात पुराचे पाणी घराघरांत शिरले. अशी बातमी करायला वार्ताहर चिखल तुडवत जातो, छायाचित्रे काढतो, नुकसानीचे आकडे गोळा करतो. त्या दिवशी सर्वाधिक वाचली जाणारी बातमी तीच. पण मोठे जाहिरातदार लिलावात नको असलेल्या शब्दांची यादी देऊन ठेवतात. मृत्यू, पूर, अपघात, आत्महत्या यांतला शब्द दिसला की त्यांची बोलीच येत नाही. २०२० मध्ये कोरोनाच्या बातम्यांबाबत जगभर हेच झाले. वाचकसंख्या विक्रमी आणि जाहिराती गायब, म्हणून ब्रिटनमधल्या वृत्तपत्रांनी ‘कोरोना’ हा शब्द वगळू नका अशी जाहिरातदारांना जाहीर विनंती केली होती. ज्या बातमीची गावाला सर्वाधिक गरज, तिलाच सर्वांत कमी उत्पन्न. हा अन्याय शब्द मोजणाऱ्या यंत्रातून होतो, आणि पान पूर्ण समजून घेणारे यंत्र तो दूर करू शकते. पुरात मदत कुठे मिळेल हे सांगणाऱ्या पानाशेजारी विमा कंपनीने, बँकेने किंवा ताडपत्री विकणाऱ्याने उभे राहण्यात काही वावगे नाही.

उलट दिशेचा धोकाही आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले. अशा बातमीत कीटकनाशकाचा शब्द दहा वेळा येणार, आणि निव्वळ शब्द मोजले तर जाहिरातही कीटकनाशकाचीच लागणार. हळदीच्या औषधी गुणांवरचा लेख असेल, तर तिथे मधुमेह मुळापासून घालवण्याचे दावे करणारे धावत येतात, आणि अशा दाव्यांच्या जाहिरातीला १९५४ च्या जादुई उपचारविरोधी कायद्याने मनाई आहे. म्हणून संदर्भ ओळखण्याचे सगळे काम परदेशातल्या यंत्रावर सोडता येत नाही. कोणत्या विषयाशेजारी काय चालणार नाही, याची यादी मराठी संपादकाने स्वतः करायला हवी.

ही सोय आजच हाताशी आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. ॲडसेन्समध्ये झटपट श्रीमंतीचे दावे किंवा वजन घटवण्याच्या गोळ्या अशा संवेदनशील वर्गांवर बंदी घालता येते. वैयक्तिक माहितीवर आधारलेल्या जाहिराती न दाखवण्याचा पर्यायही प्रकाशकाला आहे. वाचकालाही आपल्या गूगल खात्यात जाऊन वैयक्तिक जाहिराती बंद करता येतात. प्रत्येक मराठी संकेतस्थळाने शेती, आरोग्य आणि मुलांची पाने निदान एवढी तरी सुरक्षित केलीच पाहिजेत. त्यासाठी संचालक मंडळाच्या बैठकीची गरज नाही, एका दुपारचे काम आहे.

त्यापुढचे काम विक्रीचे आहे. हळदीचा लेख वाचणाऱ्याला काय हवे, हे लिलावाच्या यंत्रापेक्षा वसमतच्या कृषी सेवा केंद्राचा मालक चांगले जाणतो. मे-जूनमध्ये लागवडीला बेणे, बेणेप्रक्रियेची औषधे आणि ठिबकच्या नळ्या लागतात. पावसाळ्यात भरणी आणि करपा. जानेवारीपासून काढणी सुरू झाली, की शिजवायला कुकर, पॉलिशला ढोल, वाळवायला ताडपत्री आणि बाजारात न्यायला वाहन. हे वेळापत्रक एकाच पिकाचे आहे. केळीचे वेगळे, उसाचे वेगळे. कुरुंद्यात तर टोकाई सहकारी साखर कारखानाच आहे. दैनिकाच्या तालुका प्रतिनिधीने या वेळापत्रकानुसार संकेतस्थळावरची हळदीची पाने हंगामभरासाठी स्थानिक दुकानदारांना थेट विकली, तर लिलाव नको, दलाल नको आणि वाचकाची कुंडलीही नको. छापील अंकाच्या शुभेच्छा पुरवण्यांसाठी हेच प्रतिनिधी हीच दुकाने पालथी घालतात. संकेतस्थळाचे दरपत्रक मात्र त्यांच्या पिशवीत क्वचितच असते.

शेतीच्या विषयांची मराठी यादी कोणा एका वृत्तपत्राने करण्यापेक्षा सर्वांनी मिळून करावी. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठासारख्या संस्था पिके, रोग, अवजारे आणि हंगाम यांची नावे देऊ शकतात. पुण्या-मुंबईतले भाषातंत्रज्ञ ती यंत्राला शिकवू शकतात. अशी यादी तयार झाली, तर बियाणे किंवा विमा कंपनीला मराठी वाचकापर्यंत जाण्यासाठी त्याच्या मागे कुकी सोडावी लागणार नाही. ‘हळद, काढणीनंतरची प्रक्रिया, जानेवारी ते मार्च’ एवढे सांगून जागा विकत घेता येईल.

यात आता कायद्याचाही भाग आला आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढून त्यांना जाहिराती दाखवण्यास कायद्याने मनाई केली आहे. माहिती वापरण्याची संमती मागताना ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याची सोय द्यावी लागणार आहे. घरातला एकच मोबाइल बाप भाव पाहायला आणि मुलगी अभ्यासाला वापरते, अशी घरे गावोगावी आहेत. वाचणारा कोण हे तिथे खात्रीने सांगता येणार नाही. पान कशाचे आहे हे मात्र नेहमीच सांगता येईल. शेतीची आणि शाळेची पाने सर्वांत आधी कुकीमुक्त करून, तसे मराठीत पानावरच लिहून, मराठी दैनिकांनी या बदलाची सुरुवात करावी.